टप काढल्यावर

(डेट्रॉइटच्या उपनगरात मराठी कुटुंबांच्या रविवारच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. हातातला हा दांडा बघून मागच्या रांगेत जरा कुजबुज चाललेली दिसते. सभागृह झाडायचं काम आज माझ्याकडे नाही. हा आमच्या घरच्या मॉपचा दांडा आहे, घरातून रीतसर परवानगी काढून आणलाय. पुढचा पाऊण तास ज्या सामानाबद्दल बोलणार आहे, त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच. त्याचं काम काय, ते ओघात येईल.

विषय कसा निघाला ते सांगतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच मुलामुलींनी जुन्या मियाटा घेतल्या. माझदाची ही दोन सीटांची, टप उघडणारी गाडी १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि थोडक्या पैशात मजा करणाऱ्यांची ती तेव्हापासून लाडकी आहे. पहिल्या पिढीतली गाडी जेमतेम हजार किलोची. गाडी घेतली की उन्हाळाभर टप उघडून हिंडायचं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कुणीतरी ट्रॅक डेचं वेड डोक्यात भरवतं. मग मला फोन येतो. "काका, पुढच्या महिन्यात जिंजरमनला जातोय. हेल्मेट कुठलं घेऊ?" मी विचारतो, "तुझी उंची किती?" पोरगं गप्प होतं. त्याला वाटतं काकांना हल्ली कमी ऐकू येतं.

ज्येष्ठ मंडळींसाठी दोन वाक्यं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बक्षीस नसतं, पहिला-दुसरा नंबर नसतो, आणि पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय मागच्याने ओलांडायचं नाही. नवख्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो, वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या होतात. आपल्या मिशिगन राज्यात साउथ हेवनजवळ जिंजरमन आहे, बेल्डिंगला ग्रॅटन आहे, आणि इथून अगदी जवळ क्लार्कस्टनला वॉटरफर्ड हिल्स. पोलिसाची भीती न बाळगता गाडी खरी कशी चालते ते शिकायची ही जागा. हायवेवर करामती करण्यापेक्षा शंभर पटीने बरी. त्यामुळे आईवडिलांनी मला बोल लावण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

आता मूळ मुद्दा. गाडीचं टप काढलं म्हणजे नक्की काय काढलं? वारा लागावा म्हणून एक झाकण काढलं असं आपल्याला वाटतं. पण बंद गाडीतलं टप हा घरातल्या त्या माणसासारखा असतो, जो बोलत नाही आणि दिवसभर राबतो. गाडी उलटली तर डोकं आणि जमीन यांच्यात तो उभा राहतो. हातपाय आत ठेवतो. बाहेरची खडी बाहेर अडवतो. एवढंच काय, सीटबेल्टवर ऊन पडू देत नाही. तो रजेवर गेला की त्याची कामं कुणाकुणाला तरी वाटून द्यावी लागतात. कन्व्हर्टिबलसाठी ट्रॅकवरचं सामान निवडायचं म्हणजे ही वाटणी करायची. म्हणून हेल्मेटचा प्रश्न पहिला येत नाही. पहिला प्रश्न असा, की गाडी उताणी पडली तर तिचं वजन कोण झेलणार?

इथे प्रत्येक जण म्हणतो, मियाटा कशी उलटेल? ती तर जमिनीला चिकटलेली. खरंय. सपाट डांबरावर ती गरगर फिरेल, पण उलटणं कठीण. अडचण डांबर संपतं तिथे आहे. वळणावर मागचं टोक सुटतं, गाडी आडवी घसरत ट्रॅकबाहेर जाते, बाजूची चाकं पावसाने भिजलेल्या मातीत किंवा खडीत रुततात. चाकं थांबली, वरचा भाग थांबायला तयार नाही. धावताना पाय दगडाला अडखळला की माणूस जसा तोंडावर आपटतो, तसंच. गाडी बुटकी असो की उंच, अडखळली की कोलांटी खाते. आणि नवखे चालक जास्त करून आडवेच बाहेर जातात.

आता माझी स्वतःची फजिती. मी आयुष्यभर गाड्यांच्या सीट आणि पट्ट्यांच्या चाचण्यांत काम केलेला माणूस. म्हणजे मला तरी अक्कल असायला हवी होती. माझी मियाटा जुनी, तिसऱ्या हातातली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "रोल बार बसवलेला आहे." रोल बार म्हणजे गाडी उलटली तर तिचं वजन झेलणारी पक्की कमान. सीटांच्या मागे छान काळी कमान होती. मी खूश. पहिल्याच ट्रॅक डेला सकाळी सात वाजता गाडी तपासणीच्या रांगेत लावली. तपासणीस सत्तरीचे गृहस्थ, हातात कॉफी. त्यांनी कमानीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, आपण नारळ बघतो तसं. मग वाकून ती खाली कशाला जोडलीय ते बघितलं. पातळ पत्र्याला, चार बारक्या बोल्टांनी. मागे तिरके आधार नाहीत, मधे आडवातिरका दांडा नाही. म्हणाले, "हे दागिना म्हणून चांगलं आहे." इकडे अशा कमानीला स्टाइल बार म्हणतात. ती दिसायला रोल बार, कामाला पडद्याची दांडी.

मग त्यांनी मला हेल्मेट घालून सीटमध्ये बसायला सांगितलं आणि गाडीतून एक झाडूचा दांडा काढला.

तर हा दांडा. जरा इकडे या, दाखवतो. ही खुर्ची म्हणजे सीट. मागे ही टेबलाची कड म्हणजे रोल बारचा माथा. समोर हे व्यासपीठ म्हणजे समोरच्या काचेची वरची चौकट. दांडा या दोन टोकांवर ठेवायचा. उलटलेल्या गाडीसाठी जमीन म्हणजे हीच रेघ. माझं डोकं, हेल्मेटसकट, पट्टा आवळून, पाठ टेकून ताठ बसलेलं, या रेघेच्या खाली असलं पाहिजे. किती खाली? हे आयोजकांवर आहे. कुणी म्हणतात दांड्याला लागलं नाही म्हणजे झालं. अनेक जण रोल बारचा माथा हेल्मेटच्या दोन इंच वर मागतात. माझ्या बाबतीत त्या सकाळी हिशेब सोपा होता. दांडा माझ्या हेल्मेटवर टेकला आणि काचेच्या चौकटीपासून वीतभर वर राहिला. म्हणजे गाडी उलटली असती तर रोल बारचं काम माझ्या मानेने केलं असतं. दीडशे मैल गाडी हाकत गेलो होतो, दिवसभर कठड्यापाशी उभा राहून दुसऱ्यांच्या फेऱ्या बघितल्या आणि परत आलो.

आता कळलं ना मी उंची का विचारतो? खरं तर उंचीसुद्धा अर्धवट उत्तर आहे, बसल्यावरची उंची महत्त्वाची. लांब पायांचा सहा फुटी माणूस बसतो, आणि माझ्यासारखा लांब धडाचा पाच-आठवाला अडकतो. होंडाच्या एस दोन हजारमध्ये कंपनीने चांगल्या पक्क्या कमानी दिल्यात, पण उंच माणूस हेल्मेट घालून बसला की तिथेही दांडा टेकतो. त्यामुळे "कंपनीची कमान आहे" या उत्तरावर थांबू नका. काही गाड्यांत लपलेल्या कमानी असतात, गाडी कलंडतेय असं सेन्सरला वाटलं की झटकन वर येतात. मर्सिडीजने १९८९ सालच्या एसएलमध्ये पहिल्यांदा तशी कमान दिली, एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उभी राहणारी. ट्रॅक डे भरवणारे काही क्लब अशा कमानी मान्य करतात, काही करत नाहीत. आधी नियमपत्रिका वाचा, मग पैसे भरा. आणि एक भाबडा समज: वरून बसवायचं हार्डटॉप लावलं की झालं. मियाटाचं हार्डटॉप हे प्लास्टिकच्या जातीचं कवच आहे, दोघं मिळून आरामात उचलतात. ते पावसाला पुरतं. हजार किलो त्यावर पेलायचे नसतात.

मग खरा रोल बार कसा ओळखायचा? नळी जाड हवी. मियाटासाठी जे चांगले बार मिळतात त्यांची नळी साधारण पावणेदोन इंच व्यासाची असते, भिंतीची जाडी एक अष्टमांश इंचाच्या आसपास. मुख्य कमानीतून एक तिरका दांडा गेलेला हवा, नाहीतर आडवा जोर आला की कमान समांतरभुज चौकोनासारखी कलते. मागे दोन तिरके पाय हवेत. आणि जिथे पाय टेकतात तिथे पत्र्याच्या खालूनही पोलादी पट्टी हवी, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून वर येतात. हजार डॉलरच्या आतबाहेर खर्च आणि एक शनिवार-रविवार. काही बार बसवताना मागचं प्लास्टिक कापावं लागतं, काहींत टप मिटताना कापड घासतं. चालायचंच.

बार बसवून झाला, पण माझं डोकं अजून अर्धा इंच वर होतं. मग मियाटावाल्यांचा जुना उपाय केला. सीटचं कव्हर काढायचं आणि खालचा फोम ब्रेड कापायच्या सुरीने कापायचा. इंच-दीड इंच खाली जाता येतं. आमच्या घरात ती सुरी नंतर पुन्हा ब्रेडला लागली नाही, एवढी किंमत मोजली. पण मांडीखालच्या पुढच्या भागातला फोम काढू नका. तो उंचवटा अपघातात माणसाला पट्ट्याखालून पुढे सरकू देत नाही. मागचा, बसायच्या जागेचा तेवढा कापा.

बारवर फोम गुंडाळायचा असतो, त्यात एक गंमत आहे. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या पाइपावर घालायची काळी नळी मिळते. लोक तीच लावतात. अंगठ्याने दाबा, लगेच चेपते. डोकं आपटलं तर ती नसल्यासारखीच. एसएफआय ही शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणारी संस्था, तिचा ४५.१ असा शिक्का असलेलं आवरण अंगठ्याने जेमतेम दबतं, इतकं कडक असतं, कारण ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. उघड्या डोक्याला तेही टणकच लागतं. म्हणून रस्त्यावर हीच गाडी चालवत असाल तर सीटमध्ये बसून डोकं मागे टाकून बघा, बारला लागता कामा नये. पुढेमागे नळ्या असलेला पूर्ण पिंजरा बसवून रोज ऑफिसला जाणारे महाभाग मी बघितलेत. ट्रॅकवर तो पिंजरा जीव वाचवेल. सिग्नलला मागून कुणी ठोकलं, तर तोच उघडं डोकं फोडेल.

आता या हेल्मेटकडे. १९५६ साली पीट स्नेल नावाचा हौशी चालक शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट होतं, पण त्याने काही वाचवलं नाही. त्याचे डॉक्टर मित्र जॉर्ज स्नाइव्हली यांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेटं फोडून बघायला सुरुवात केली. त्या स्नेल संस्थेचा शिक्का आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅकवर मागतात. शिक्का बाहेर नसतो. आतलं गालाजवळचं किंवा माथ्याचं कापड हळूच बाजूला करायचं, खाली बोटभर चिकटपट्टी दिसते: एसए २०२०, किंवा एम २०२०. एसए गाडीवाल्यांचं, एम मोटरसायकलवाल्यांचं. दर पाच वर्षांनी नवी आवृत्ती येते, आणि बहुतेक क्लब चालू व त्याच्या आधीची अशा दोनच मानतात. म्हणून सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालेल्या हेल्मेटचा आधी शिक्का बघा. बहुधा ते पुढच्या वर्षी शोभेला ठेवायचंच असतं.

फरक काय दोन्हींत? एसएच्या अस्तराची आगीत चाचणी होते, एमची होत नाही. दुसरा फरक आपल्या कामाचा: एसए हेल्मेटवर रोल बारसारख्या लोखंडी कडेवर आपटण्याची वेगळी चाचणी असते. मोटरसायकलवाला एकदा रस्त्यावर पडतो. गाडीतलं डोकं त्याच नळीवर पुन्हा पुन्हा आपटतं. शिवाय २०१५पासूनच्या एसए हेल्मेटांना मानेच्या उपकरणासाठी स्क्रूची तयार भोकं असतात. ही भोकं घरी ड्रिलने पाडायची नसतात, हे सांगावं लागतंय, कारण एकाने पाडली होती.

टप उघडं असेल तर तोंड झाकणारं, काचेचं हेल्मेटच घ्या. ट्रॅकचे टायर तापले की चिकट होतात आणि खडी उचलतात. पुढच्या गाडीने उडवलेला शेंगदाण्याएवढा खडा साठ मैलांच्या वेगाने येतो. माझ्या हेल्मेटच्या काचेवर डाव्या डोळ्यासमोर एक चंद्रकोर आहे. ती काच मी बदलली, पण जुनी फेकली नाही. दुकानात घालून बघताना दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. कपाळावर एका ठिकाणी दुखायला लागलं तर आकार चुकलाय, माप नाही. गाल चांगले आवळले पाहिजेत. फोटोत लहान मुलासारखे गोबरे दिसलात तर बरोबर आहे. तीनशे डॉलरच्या आसपास चांगलं साधं हेल्मेट मिळतं. हजार डॉलरचं कार्बन फायबरचं घेऊन वाचणारं वजन आपल्यासारख्यांनी आधी पोटावरून कमी करावं.

यापुढे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, तिथे जरा थांबतो. हार्नेस. खांद्यावरून दोन, कमरेला दोन, मधून एक किंवा दोन असे पट्टे. लाल-निळे, दिसायला झकास. पोरं पहिल्यांदा हेच विकत घेतात. आधी कळस, मग पाया.

गाडीतला साधा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली व्होल्वोमध्ये निल्स बोलीन यांनी आणला. तो एका खांद्यावरून जातो, त्यामुळे छप्पर चेपलं तर अंग बाजूला कलू शकतं. हार्नेस अंगाला खांबासारखं ताठ धरतो. वर पक्की कमान असेल तर हे वरदान, कारण उलट्या गाडीत तुम्ही सीटमधून लोंबकळत नाही. कमान नसेल, किंवा डोकं दांड्याच्या वर असेल, तर हार्नेस तुम्हाला नेमक्या चेपणाऱ्या जागी ताठ धरून ठेवतो. उघड्या गाडीत हार्नेसला रोल बारशिवाय अर्थ नाही. हे मी इतक्या ठणकावून सांगतोय, कारण चेपलेल्या गाड्या उघडून बघणं हा माझा धंदा होता.

पुढे ऐका. खांद्याचे पट्टे मागे सरळ, आडवे किंवा किंचित उतरते जायला हवेत, वीस अंशांच्या आत. ते सीटमागून खाली जमिनीवरच्या हुकाला बांधले तर धडकेत ते खांदे खाली खेचतात, आणि मणका चेपला जातो. म्हणून चांगल्या रोल बारला पट्ट्यांसाठी आडवी नळी असते. चार टोकांचा हार्नेस, म्हणजे मधला पट्टा नसलेला, स्वस्त मिळतो. त्यात खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो, आणि अंग खालून निसटतं. हाडावर बसायचा पट्टा आतड्यांवर बसतो. कंपनीच्या सीटला पट्टे जायला भोकं नसतात, मग ते खांद्यावरून घसरतात, म्हणून सीटही वेगळी लागते. आणि अंग असं जखडलं की एकटं डोकं मोकळं राहतं. तिथे येतं हॅन्स.

हॅन्सची गोष्ट आपल्या शेजारची आहे. १९८१ साली ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर पात्रिक झाकमार नावाचा फ्रेंच चालक अपघातात गेला. त्याच्याशी ओळख असलेले जिम डाउनिंग स्वतः शर्यतीत गाडी चालवायचे, आणि त्यांचे मेव्हणे रॉबर्ट हबर्ड आपल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक. दोघांनी मिळून गळ्याभोवतीचं जोखड बनवलं. ते खांद्यांच्या पट्ट्यांखाली दाबून बसतं आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला बांधलेलं असतं. धडकेत धड थांबतं, पण डोकं आणि हेल्मेट मिळून पाच-सहा किलोचा गोळा पुढे जाऊ पाहतो. मान ताणली जाऊन कवटीचा तळ मोडतो. दोऱ्या त्याला धरून ठेवतात. कित्येक वर्षं बहुतेक चालकांनी ते बोजड म्हणून नाकारलं. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला डेल अर्नहार्ट हा नामांकित अमेरिकन चालक भिंतीवर आदळला आणि गेला, तो कवटीच्या तळाच्या अशाच फ्रॅक्चरने. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅस्कर या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने असं उपकरण सक्तीचं केलं, २००३मध्ये फॉर्म्युला वनने.

म्हणून सीट, हार्नेस आणि हॅन्स हे त्रिकूट आहे. एकदम घ्या, नाहीतर कंपनीच्या पट्ट्यावर राहा. चांगला रोल बार, चांगलं हेल्मेट आणि कंपनीचा तीन टोकांचा पट्टा घेऊन मी चार वर्षं फिरलो आणि त्यात मला काहीच कमीपणा वाटला नाही. त्या पट्ट्याबरोबर चालणारी मानेची उपकरणंही आता मिळतात. हॅन्स मात्र त्याबरोबर चालत नाही, त्याला दोन्ही खांद्यांवर पट्टे लागतात. आणखी एक खर्च लोक विसरतात: शेजारी प्रशिक्षक बसतो, त्यालाही तुमच्यासारखाच पट्टा असला पाहिजे, हा बहुतेक ठिकाणचा नियम. स्वतःला सहा पट्टे आणि पाहुण्याला तीन, असं चालत नाही. म्हणजे सगळं दुप्पट.

पट्ट्यांना मुदत असते. एसएफआयच्या शिक्क्याचे पट्टे बनल्यापासून दोन वर्षं, एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या शिक्क्याचे पाच वर्षं, चिठ्ठीवर साल लिहिलेलं असतं. लोक कुरकुरतात, की हा दुकानदारांचा डाव. बंद गाडीत मीही थोडा कुरकुरलो असतो. उघड्या गाडीत नाही. उन्हातली अतिनील किरणं धागा खातात. माझ्या जुन्या लाल हार्नेसचा खांद्यावरचा भाग दोन उन्हाळ्यांत गुलाबी झाला होता, आणि बकलखाली झाकलेला चार बोटं भाग तसाच लालभडक. दोन्हींवर बोट फिरवलं तर गुलाबी भाग वाळलेल्या सुतळीसारखा लागायचा. गाडी उभी असताना पट्ट्यांवर जुना पंचा टाकत जा.

हातांचं राहिलं. गाडी उलटताना हात कुणाच्याच ताब्यात राहत नाहीत, ते बाहेर फेकले जातात, आणि मग वरून गाडी येते. त्यासाठी दंडाला किंवा मनगटाजवळ बांधायचे पट्टे मिळतात, त्यांचं दुसरं टोक हार्नेसच्या बकलमध्ये अडकवायचं. स्टिअरिंग आणि गिअरपर्यंत हात पोचला पाहिजे, डोक्यावर जाता कामा नये, इतकी लांबी. बकल उघडलं की तेही सुटतात. पहिल्यांदा बांधल्यावर दावणीला बांधल्यासारखं वाटतं. काही क्लब टप उघडं असेल तर हे मागतात, काही सरळ टप लावून या म्हणतात. घरी बसून सराव करा: डोळे मिटून बकल उघडायचं, पट्टे झटकायचे, दार उघडायचं.

कपड्यांचं फार नाही. आगीचा सूट ट्रॅक डेला सहसा मागत नाहीत. घ्यायचाच तर एक थराचा सूट साधारण तीन सेकंद देतो, एसएफआयचा पाच नंबरचा दहा. नाही घेतला तर सुती कपडे, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. जिमचा चकचकीत टी-शर्ट नको. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. मोजेही सुती. आपल्या गणपतीतला सुती झब्बा त्या टी-शर्टपेक्षा केव्हाही बरा. बूट पातळ तळव्याचे. आणि गाडीतून पाण्याची बाटली, पायपुसणं, चष्म्याची डबी, सगळं काढा. उघड्या गाडीतून उडालेली बाटली मागच्याच्या काचेवर जाते.

प्रश्न घेतो. काकू विचारतायत, एवढं सगळं करायचं तर बंद गाडीच का नाही घेत?

बरोबर बोललात. फक्त ट्रॅकसाठी गाडी घ्यायची असेल तर मी स्वतः तेच सांगतो, बंद गाडी घ्या, निम्मा खर्च वाचेल. पण ही पोरं ट्रॅकसाठी गाडी घेत नाहीत. गाडी आधीच दारात असते, तिच्यावर जीव जडलेला असतो, आणि मग ट्रॅक सुचतो. आणि खरं सांगू? उघड्या गाडीत टायर कुठल्या क्षणी सुटू लागतो ते कानाला कळतं. आधी गुणगुण, मग कुरकुर, मग ओरड. बंद गाडीत मला ते शिकायला दुप्पट वेळ लागला असता.

दुसरा प्रश्न, पुण्यातल्या भाच्याने कापडी टपाची थार घेतलीय, ती चालेल का? २०२०च्या थारला आतूनच नळ्यांचा सांगाडा आहे, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार तारेही मिळाले. पण ती उंच गाडी. अडखळायला तिला खडीचीही गरज नाही. तिला चिखलात खेळू दे. ट्रॅकवर जायचंच असेल तर भाच्याला सांगा, मित्राची हॅचबॅक माग.

तिसरा प्रश्न पैशांचा. आधी रोल बार आणि त्याचं आवरण, मग हेल्मेट, मग नवे ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेकचं तेल. हो, तेही सुरक्षेचंच सामान आहे, अंगावर घालत नाहीत एवढंच. मग ट्रॅकच्या दिवसापुरता वेगळा विमा, कारण नेहमीची पॉलिसी बहुधा ट्रॅकवर हात वर करते. मग वर्षभर फक्त गाडी चालवा. त्रिकूट त्यानंतर.

बाहेर पार्किंगमध्ये माझी गाडी उभी आहे, टप उघडंच ठेवलंय. चहा झाला की ज्यांना मोजून बघायचंय त्यांनी या. हेल्मेट माझं देतो, दांडा हा आहे. दोघंजण धरायला लागतील. आणि मंगेश, तू पहिला बस, तुझ्या सहा फुटांचा काय निकाल लागतो ते आईलाही बघू दे.